बहिरेपणाची तारीख

इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीच्या काठी जहाजं दुरुस्त करणाऱ्या गोद्या होत्या. तिथे आयुष्य घालवलेल्या काही कामगारांनी मालकांवर दावा लावला, त्याचा निकाल 1980च्या दशकाच्या सुरुवातीला लागला. तक्रार साधी होती. लोखंडावर पडणाऱ्या हातोड्यांच्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं, कान गेले, भरपाई द्या. कान गेले हे कोर्टाने मान्य केलं. आवाजाने गेले हेही मान्य केलं. घोडं अडलं ते तारखेवर. मालकाचा निष्काळजीपणा कुठल्या वर्षापासून धरायचा?

न्यायमूर्ती मस्टिल यांनी 1963 हे साल ठरवलं. त्या वर्षी ब्रिटनच्या कामगार मंत्रालयाने आवाज आणि कामगार या विषयावर एक पुस्तिका छापली होती. ती आल्यानंतर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं मालकाला म्हणता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे 1963 नंतर जेवढं ऐकू येणं गेलं तेवढ्याचेच पैसे. आता यातली गोम अशी, की गोंगाटाने कानाचं जे नुकसान होतं ते पहिल्या दहा-पंधरा वर्षांत झपाट्याने होतं, मग त्याचा वेग मंदावतो. ज्याने 1940च्या दशकात काम धरलं, त्याचे कान पुस्तिका छापून येईपर्यंत जवळपास संपलेले होते.

मला हा निकाल वाचल्यापासून त्या तारखेने पछाडलं आहे. 1963 च्या आधी खरंच कुणाला माहीत नव्हतं?

बर्नार्डिनो रामाझ्झिनी हा इटालियन डॉक्टर कामगारांच्या आजारांवर लिहिणारा पहिला मोठा माणूस. रोग्याला तू काम काय करतोस हे विचारा, असं तो इतर डॉक्टरांना सांगायचा. त्याच्या ग्रंथाच्या 1713 सालच्या आवृत्तीत व्हेनिसमधल्या तांबटांचं वर्णन आहे. हे लोक एकाच वस्तीत राहायचे, दिवसभर वाकून तांब्याचा पत्रा ठोकायचे. आधी त्यांना कमी ऐकू येऊ लागतं आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असं त्याने नोंदवून ठेवलं. जोडीला इजिप्तचा दाखलाही दिला, की नाईलच्या धबधब्याजवळ राहणारे लोक पाण्याच्या आवाजाने बहिरे होतात. हा दुसरा दाखला ऐकीव वाटतो. पहिला मात्र पाहून लिहिलेला आहे हे कळतं.

हे वाचताना पुणेकराला तांबट आळी आठवणारच. कसबा पेठेतली ही वस्ती पेशवाईच्या काळापासूनची. पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके देत केलेलं मठारकाम हे तिथलं वैशिष्ट्य, आणि हल्ली तशी भांडी-दिवे महागड्या दुकानांतही दिसतात. उन्हाळ्यात झाडावर बसून ‘टुक-टुक-टुक’ करणाऱ्या पक्ष्याला आपण तांबट म्हणतो ते याच आवाजावरून. त्या ठोक्याने कानाचं काय होतं, यासाठी मात्र मराठीत वेगळा शब्द नाही. त्या बहिरेपणाला आपण म्हातारपण म्हणतो.

रामाझ्झिनीनंतर 1831 साली फॉसब्रोक नावाच्या डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये लोहारांच्या बहिरेपणाबद्दल लिहिलं. पण ज्याला आज आपण डेटा म्हणू, तो गोळा केला ग्लासगोच्या टॉमस बार यांनी, 1886 साली. ग्लासगोत तेव्हा जहाजांचे बॉयलर बनत. बॉयलरच्या पोलादी पत्र्यांत तापलेले रिव्हेट ठोकताना एक माणूस बाहेरून घण मारतो आणि दुसरा आत, त्या पोलादी पिंपात बसून, रिव्हेटला मागून टेका देतो. आतल्या माणसाच्या कानांचा विचार करा. बार यांनी असे 100 बॉयलर कामगार तपासले. शिवाय 100 ओतारी आणि 100 पोस्टमन तपासले, म्हणजे तुलनेला शांत कामाची माणसंही घेतली. उपकरण काय, तर खिशातलं घड्याळ. त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते पट्टीने मोजायचं. सभेत किंवा चर्चमध्ये बोललेलं नीट ऐकू येत नाही असे पोस्टमन निघाले 8, ओतारी 12 आणि बॉयलर कामगार 75. ऐकणं पूर्ण शाबूत असलेला बॉयलर कामगार शंभरात एकही नव्हता.

इतकं साधं, स्वस्त आणि इतकं निर्विवाद संशोधन मी क्वचित वाचलं आहे. त्यानंतर 1963 यायला 77 वर्षं लागली.

मग माहिती असूनही ती मोजली का गेली नाही? मला वाटतं, याचं एक कारण दुखण्याच्या स्वभावातच आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरवर नजर ठेवतो तेव्हा सर्व्हर बंद पडला तर लगेच अलर्ट येतो, लॉगमध्ये वेळ पडते, सेकंदासकट. पण तोच सर्व्हर दर आठवड्याला किंचित मंदावत गेला, तर कुठलाच अलर्ट वाजत नाही. वर्षाने कुणी म्हणतं, ‘हे नेहमी असंच चालतं.’ यंत्रात बोट गेलं तर तारीख असते, रक्त असतं, साक्षीदार असतात. कान जातो त्याला तारीखच नाही.

कान जातो तो पेशींच्या हिशेबाने. अंतःकर्णात शंखासारख्या नळीत साधारण 15 हजार केसपेशी असतात, आवाजाच्या लाटेने त्या डोलतात आणि मेंदूला खबर देतात. मोठ्या आवाजाने त्या मोडतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही. म्हणजे तो तांबट पक्षी इथेही आपल्यापेक्षा सुखी. त्यात गोंगाटाचा घाव आधी पडतो तो 4000 हर्ट्झच्या आसपास, पियानोच्या अगदी शेवटच्या पट्टीच्या जवळ. तिथे गाण्याची चाल नसते, भाषणातले स्वरही नसतात. तिथे स, श, फ, त, क यांच्या कडा असतात. म्हणून अशा माणसाला ‘आवाज येतो पण शब्द येत नाही’. ‘सात’ आणि ‘आठ’ त्याला सारखेच. समोरचा ओरडून बोलला तर स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात, आणि वर ‘ओरडतोस कशाला?’ हेही ऐकून घ्यावं लागतं.

दुसरं कारण पगाराचं. न्यूयॉर्क राज्यात 1948 साली स्लाविन्स्की नावाच्या कामगाराचा खटला गाजला. घणाच्या कारखान्यात त्याचं ऐकू येणं बरंच कमी झालं होतं, पण त्याचा पगार कधी बुडला नव्हता. मग नुकसान कसलं, असा मालकपक्षाचा सवाल होता. कोर्टाने सांगितलं की पगार बुडाला नसला तरी शरीराचं नुकसान हे नुकसानच. त्या निकालानंतर अमेरिकेत अशा दाव्यांची रीघ लागेल म्हणून विमा कंपन्यांना घाम फुटला आणि कारखान्यांत आवाज मोजायला जोरात सुरुवात झाली. ब्रिटनने या बहिरेपणाला व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घेतलं ते 1970च्या दशकात. आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, डॉक्टरने सरकारला कळवायच्या आजारांमध्ये, तो पुढे जाऊन बसला.

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली काढली. तिथून पुढे सव्वाशे वर्षं या शहराचा दिवस भोंग्यावर चालला. गिरणीत सगळ्यात कानठळ्या बसवणारी जागा म्हणजे साचेखातं. शेकडो साचे, प्रत्येकात लाकडी धोटा मिनिटाला शंभर-दीडशे वेळा इकडून तिकडे आपटतोय. तिकडे लँकेशरच्या विणकर बायकांनी अशा खात्यात ओठ वाचायची आणि तोंडाचे मोठमोठे हावभाव करत बोलायची एक भाषाच तयार केली होती. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते, 1982 च्या संपापर्यंत. त्यांचीही अशी बोटांची भाषा होती. ओठांवर दोन बोटं आडवी धरली की जॉबर आला, कारण त्यांच्या जॉबरला मिशा होत्या. मला ती फार भारी वाटायची. ती नाइलाजाची भाषा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरात त्यांच्या कानांचे विनोद व्हायचे. आजी ‘अहो, ऐकलंत का?’ म्हणायची तेव्हा तो आमच्याकडे खरोखरचा प्रश्न असायचा. लग्नाच्या पंगतीत ते सगळ्यांकडे बघून हसत राहायचे. कुणी काही विचारलं की ‘हो हो’. बोललेलं कळलं नाही हे चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. हळूहळू ते पंगतीला जायचेच बंद झाले, आणि आम्ही म्हणालो, वयोमानाने माणूस शांत होतो. अडीच लाख कामगारांच्या त्या संपाच्या मोठ्या मागण्या पगार, बोनस, बदली कामगारांना कायम करणं अशा होत्या. कान त्यांनी कधी कुणाकडे मागितले नाहीत. आज अपंगत्वाच्या कायद्यात दोन्ही कानांचा 60 डेसिबल ऱ्हास हा उंबरठा आहे, आणि निव्वळ गोंगाटाने आलेला बहिरेपणा सहसा तिथवर पोचत नाही. म्हणजे पंगत सुटते, पण दाखला मिळत नाही.

उपाय नव्हता असंही नाही. बर्लिनमध्ये माक्स नेग्वर यांनी 1907 साली मेण आणि कापसाचे बोळे तयार केले, आणि पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैनिकांच्या कानांत होते. नुसता कोरडा कापूस मात्र फारसा उपयोगाचा नाही. ढोल पथकात आपण जो बोळा खुपसतो त्याने काही डेसिबल कमी होतात, इतकंच. मेडिकलच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे बरे, पण ते वळून बारीक करून, कानाची पाळी वर ओढून, नीट आत बसवावे लागतात.

डेसिबलचा हिशेब आपल्याला फसवतो, कारण तो लॉगरिदमचा आहे. दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. 85 डेसिबलमध्ये 8 तास ही मर्यादा धरली तर 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1 आणि 100 ला फक्त पाव तास. आपल्याकडचा कारखान्यांचा जुना नियम 8 तासांना 90 चा, म्हणजे ऊर्जेच्या भाषेत तिप्पट सैल. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीत सीओईपीचे विद्यार्थी दरवर्षी आवाज मोजतात. अलीकडच्या काही वर्षांत सरासरीच 100 च्या आसपास गेली आहे. पाव तासाची मर्यादा, आणि मिरवणूक दिवसाहून जास्त चालते. मी ढोल वाजवलेला आहे, त्यामुळे हे आकडे परक्यासारखे सांगत नाही.

आपल्या पिढीचं साचेखातं खिशात आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2018 साली मोबाइल आणि हेडफोनसाठी एक मानक ठरवलं. आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास, हा मोठ्या माणसाचा कोटा. आवाज वाढला की तास त्याच हिशेबाने घटतात. काही फोन आता हा कोटा स्वतः मोजतात, सेटिंगमध्ये शोधलं तर दिसतो, आणि ओलांडला की सूचना येते. बार यांचं घड्याळ अखेर प्रत्येकाच्या खिशात आलं, आणि या वेळी ते तारीखवार लिहून ठेवतं.

भिवंडीत आणि इचलकरंजीत साचे अजून चालू आहेत. 95 डेसिबलच्या आसपासचा खडखडाट, एका माणसाकडे अनेक साचे, 12 तासांची पाळी. बऱ्याच शेडमध्ये माणसं इतकी थोडी, की कायद्याच्या लेखी तो कारखानाच नसतो. तिथल्या पोरांच्या कानांत इअरफोन दिसतात. साच्यांच्या वर गाणं ऐकू यायचं तर आवाज पार टोकाला न्यावा लागतो. फोन त्या आवाजाची नोंद ठेवत असेलच. पण तो मोजतो ती फक्त गाणी, साचे नाही.