हेडफोनची पारख

इ. स. १९१० साली अमेरिकेच्या आरमारखात्याकडे एक पत्र आले. निळ्या-गुलाबी कागदावर जांभळ्या शाईने लिहिलेले ते पत्र यूटा प्रांतातील नथॅनिएल बाल्डविन नावाच्या एका अपरिचित गृहस्थाचे होते. आपण तयार केलेली हेडफोनची जोडी आरमाराने एकवार कसास लावून पाहावी, एवढीच त्याची विनंती होती. असल्या पत्राची जागा बहुधा केराच्या टोपलीत असते. परंतु खात्यातील अधिकाऱ्यांनी पत्राच्या रंगाकडे न पाहता जोडी कानाला लावली. तोवर वापरात असलेल्या साऱ्या हेडफोनांहून ती सरस ठरली. मग मागणी गेली आणि बाल्डविनकडून उत्तर आले की, एका वेळी दहांपेक्षा अधिक जोड्या पुरवणे शक्य नाही. कारण इतकेच होते की, त्याचा सारा कारखाना घरच्या स्वयंपाकघरात चालत असे.

त्या परीक्षेत काय पाहिले गेले हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जहाजावरच्या तारायंत्रीला शेकडो मैलांवरून येणारे बिनतारी संदेशाचे ठिपके आणि रेघा ऐकावयाच्या असत. ध्वनी गोड आहे की कर्कश, याची त्याला मुळीच पर्वा नव्हती. अतिक्षीण आवाज ऐकू येतो की नाही, एवढाच प्रश्न होता. साध्या श्रवणयंत्रात चुंबक लोखंडी पडद्यालाच खेचत असे. बाल्डविनने चुंबकाच्या मधोमध लोखंडाची एक बारीक पट्टी समतोल राखून बसवली आणि तिची हालचाल अभ्रकाच्या पडद्यास पोचवली. त्यामुळे अगदी दुर्बळ विद्युत्प्रवाहानेही पडदा हलू लागला. आरमाराच्या दृष्टीने तो हेडफोन सर्वोत्कृष्ट होता. त्यावर एखादे गाणे ऐकून कोणी त्याची निवड केली नव्हती आणि करण्याचे कारणही नव्हते. कशासाठी ऐकावयाचे हे ठरल्यावाचून कोणता हेडफोन चांगला हे ठरत नाही, ही गोष्ट पुढील शंभर वर्षांत पुनःपुन्हा विसरली गेली.

वास्तविक कानाशी यंत्र धरून संगीत ऐकण्याची हौस याहून जुनी आहे. १८८१ साली पॅरिसला विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तेथे क्लेमां आदेर या फ्रेंच शोधकाने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ध्वनिग्राहक मांडले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत आणल्या. श्रोत्याच्या दोन्ही हातांत दोन श्रवणयंत्रे देण्यात येत आणि प्रत्येक यंत्र वेगळ्या ध्वनिग्राहकाशी जोडलेले असे. याचा परिणाम असा झाला की, गायिका रंगमंचावर डावीकडून उजवीकडे गेली तर दूर बसलेल्या माणसास ते कानांनी कळू लागले. आज ज्याला स्टिरिओ म्हणतात त्याचा हा पहिला अनुभव होय. पुढे १८९० साली याच कल्पनेवर ‘थिएट्रोफोन’ नावाची कंपनी निघाली. सुप्रसिद्ध कादंबरीकार मार्सेल प्रूस्त १९११ साली तिचा वर्गणीदार झाला आणि प्रकृतीमुळे नाट्यगृहात जाणे कठीण असताना घरी पडल्या पडल्या द्यबुसीचे संगीत ऐकू लागला. त्या काळच्या तारांतून येणारा ध्वनी आजच्या मानाने निकृष्टच म्हणावा लागेल; परंतु उणीव भरून काढण्यास ऐकणाराची कल्पना तत्पर होती.

हातांत धरावयाचे हे यंत्र कानांतच बसवण्याचा उद्योग एर्नेस्त मेर्कादिए या फ्रेंच अभियंत्याने केला. १८९१ साली त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्याची जोडी पावणेदोन औंसांहूनही हलकी होती आणि कान दुखू नये म्हणून टोकांस रबराचे वेष्टन होते. आज तरुण मंडळींच्या कानांत जे इवलेसे बोंडूक दिसते त्याचा हा पणजोबा.

यंत्राचा ध्वनी अस्सल आहे की नाही, याचा निवाडा कानाने करण्याचा पहिला गाजलेला प्रयोग मात्र हेडफोनवर झाला नाही, तो फोनोग्राफवर झाला. १९१५ पासून सुमारे दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने गावोगाव जाहीर परीक्षा घेतल्या. व्यासपीठावर गायिका आणि तिच्या शेजारी फोनोग्राफ. दोघेही तेच गाणे गात. मध्येच दिवे मालवले जात आणि दिवे लागल्यावर पाहावे तो गायिका निघून गेलेली, गाणे मात्र चालूच! प्रेक्षक थक्क होत. या कार्यक्रमांत गाजलेली गायिका अ‍ॅना केस हिने पुढे वृद्धापकाळी कबुली दिली की, यंत्राच्या आवाजाशी जुळेल अशा बेताने आपण आपला गळा आवरून गात होतो. म्हणजे यंत्र माणसासारखे गात नव्हते, माणूस यंत्रासारखा गात होता. लबाडी म्हणावी तर ती कोणाच्या दृष्टीस पडली नाही आणि कानासही उमगली नाही, यातच त्या प्रयोगाचे खरे शिक्षण आहे.

आपल्याकडे घरोघरी हेडफोन पोचला तो नभोवाणीच्या पावलांनी. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे प्रक्षेपण केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उघडले. त्या वेळच्या स्फटिकाच्या स्वस्त संचास ना बॅटरी लागे ना घरची वीज. हवेतून येणाऱ्या लहरींतच जी काय शक्ती असेल तिच्यावर त्याचे काम चाले. इतक्याशा शक्तीने हेडफोनचा पडदा हलणार, ध्वनिक्षेपक नव्हे. एक यंत्र आणि ऐकणारे चार, म्हणून दोघांनी एकेक कान वाटून घ्यावा, नाही तर हेडफोन रिकाम्या भांड्यात ठेवून सर्वांनी भोवती बसावे, असे प्रकार तेव्हा देशोदेशी चालत. पुढे ध्वनिक्षेपकाचा रेडिओ आला आणि हेडफोन गृहस्थाश्रम सोडून टेलिफोनच्या कचेऱ्यांत व विमानांत जाऊन बसला.

या मधल्या काळातच निवडीच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा एक शोध लागला. १९३३ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनी असे दाखवले की, आवाज लहान असला म्हणजे कानास खर्जातले स्वर विशेष कमी ऐकू येतात. आवाज मोठा केला की तेच स्वर पुढे येतात. याचा दुकानात होणारा परिणाम सांगावा तेवढा थोडा. दोन हेडफोन शेजारी ठेवले आणि त्यांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असला, तर ऐकणारास तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. भरदार, मोकळा, जिवंत अशी विशेषणे त्याला लागतात. वास्तविक फरक केवळ आवाजाच्या खुंटीचा असतो. दोघांचा आवाज समान करून घेण्याची खटपट न करता झालेली निवड ही निवडच नव्हे.

संगीतासाठी म्हणून हेडफोन घडवण्याची वाट १९३७ साली मोकळी झाली. बर्लिन येथील ऑयगेन बायर याच्या कारखान्यातून त्या वर्षी डीटी ४८ हा हेडफोन बाहेर पडला. त्यात लोखंडी पडदा नव्हता. हलक्या पडद्यास तारेचे वेटोळे चिकटवलेले आणि ते चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलणारे, अशी त्याची रचना होती. ध्वनिक्षेपकात हीच युक्ती आधीपासून होती. ती कानाच्या मापाची केली गेली. आज बाजारातील बहुतेक हेडफोन याच तत्त्वावर चालतात.

तथापि सामान्य रसिकास याची गोडी लागावयास आणखी वीस वर्षे जावी लागली. १९५८ साली मिलवॉकी शहरी जॉन कॉस याने एका प्रदर्शनात आपला सुटसुटीत फोनोग्राफ मांडला. एकट्याने ऐकण्याची सोय म्हणून त्याला स्टिरिओ हेडफोनची जोडी लावली होती. लोकांनी फोनोग्राफकडे फारसे पाहिलेच नाही. जो तो हेडफोनसाठी रांग लावू लागला. कॉस शहाणा, त्याने धंदाच बदलला. १९६० साली जपानच्या स्टॅक्स कंपनीने वेटोळेही काढून टाकले आणि विद्युद्भारित जाळ्यांमध्ये ताणलेला अतिशय पातळ पडदा वापरून हेडफोन विकावयास आणला. त्याला स्वतंत्र वीजपुरवठा लागे आणि किंमतही तशीच असे.

१९६८ सालचा जर्मनीतील सेनहायझर कंपनीचा एचडी ४१४ हा मात्र दिसण्यात अगदी साधा होता. तोवर कान घट्ट झाकून टाकणे हाच हेडफोनचा धर्म समजला जात असे. याने पाठीमागची बाजू उघडी ठेवली आणि कानावर पिवळ्या स्पंजाची गादी ठेवली. ध्वनी डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता मोकळा वाटू लागला आणि कान घामेजेनासे झाले. त्याची किंमतही अशी होती की, बाहेरचा आवाज आत येतो आणि आतले गाणे शेजाऱ्यास ऐकू जाते. रात्री शांत खोलीत बसून ख्याल ऐकणारास हा प्रकार उत्तम. लोकलच्या डब्यात उभे राहणारास तो निरुपयोगी. १९७९ साली सोनीचा वॉकमन आल्यावर हेडफोन रस्त्यावर उतरला आणि ही निवड कोट्यवधी लोकांस करावी लागली.

आता मुख्य प्रश्न उरतो तो खऱ्या स्वराचा. सर्व स्वर सारख्या प्रमाणात देणारा हेडफोन तो खरा, असे सहज वाटते. पण ते बरोबर नाही. सभागृहातला ध्वनी कानाच्या पाळीवर आपटून, वळून, मग कानाच्या नळीत शिरतो आणि ती नळी स्वतःच सुमारे ३००० कंपनांच्या आसपासचे स्वर वाढवते. हेडफोन ही सारी वाट बदलून टाकतो. तेव्हा हरवलेला संस्कार हेडफोननेच परत द्यावयास हवा. तो किती द्यावा, याचा पद्धतशीर विचार म्यूनिख येथील ग्युंटर टायल याने १९८० नंतरच्या दशकात केला. त्यानंतर २०१२ पासून हर्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांसच साक्षीस बोलावले. अडचण अशी की, हेडफोन डोक्यावर चढला की वजनावरून आणि गादीवरून तो ओळखू येतो आणि नाव कळले की कान आपली साक्ष फिरवतो. यावर त्यांनी युक्ती काढली. एकच हेडफोन डोक्यावर ठेवून इतर हेडफोनांचे ध्वनिगुण विद्युत्साधनांनी त्यातच उतरवावयाचे. अमेरिका, कॅनडा, जर्मनी व चीन या चार देशांतील श्रोत्यांनी अशा परीक्षा दिल्या आणि त्यांच्या आवडीत अपेक्षेहून फार मोठे साम्य आढळले. चांगल्या खोलीत चांगला ध्वनिक्षेपक जसा वाजेल, तसा वाजणारा हेडफोन बहुतेकांस आवडला. काहींना त्याहून खर्ज थोडा अधिक हवा होता, काहींना थोडा कमी.

आणि किंमत? २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापे त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. स्वरांच्या समतोलाचा आणि किमतीचा कसलाही संबंध त्यास आढळला नाही. महाग वस्तूत टिकाऊपणा असेल, आरामही असेल. समतोल असेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

तरीही मोजमापांच्या आलेखावरच विसंबून घरबसल्या हेडफोन मागवणे शहाणपणाचे नाही, कारण प्रत्येकाच्या कानाची पाळी आणि नळी निराळी असते. चष्म्याच्या काडीने गादीखाली बारीक फट राहिली तरी बंद हेडफोनमधला खर्ज निसटून जातो, हे चष्मेवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. परीक्षेसाठी दुकानदाराने लावलेली झगमगीत ध्वनिमुद्रिका नको. वर्षानुवर्षे कानांत मुरलेली स्वतःची घ्यावी. तंबोरा स्वच्छ ऐकू येतो अशी असल्यास फारच उत्तम. जवारीचे बारीक स्वर एका हेडफोनवर वाळूसारखे खरखरतात, दुसऱ्यावर पुसले जातात आणि एखाद्यावर खर्जाच्या तारेपासून वेगळे उमटतात. तबल्याच्या बायाची घुमक गायकाच्या गळ्यावर चढते काय, तेही पाहावे. दोन मिनिटांत जो हेडफोन सर्वांत चमकदार वाटतो, तोच अर्ध्या तासाने कान शिणवतो, असा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून सबंध एक विलंबित ख्याल संपेपर्यंत तो डोक्यावर राहू द्यावा आणि किमतीची चिठ्ठी त्यानंतर उलटून पाहावी.