केडगावचे कृपासदन

शिरूर आणि दौंड या तालुक्यांना जोडणाऱ्या भीमेच्या खोऱ्यातील केडगाव येथे, ख्रिस्ती धर्मातील ईश्वरी क्षमेच्या कल्पनेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दगडमातीचे रूप मिळाले. पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती सदनाचा, आणि त्यातही कृपासदनाचा, इतिहास पाहिल्याशिवाय ही कल्पना महाराष्ट्रात कशी रुजली ते नीट कळत नाही.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा वाँटेज येथील जोगिणींच्या, म्हणजे व्रतस्थ ख्रिस्ती भगिनींच्या, मठात त्यांचा मुक्काम होता. या भगिनींनी लंडनमधील फुलहॅम येथे चालवलेल्या आश्रमात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची शुश्रूषा होताना त्यांनी पाहिली. पतित स्त्रीला दंड सांगणारी शास्त्रवचने मुखोद्गत असलेल्या या विदुषीने, ही दया कुठून येते, असे विचारले, तेव्हा तिच्यासमोर योहानाच्या शुभवर्तमानातील, म्हणजे ख्रिस्तचरित्रातील, चौथा अध्याय ठेवण्यात आला. त्यात येशू विहिरीवर एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत आणि त्या स्त्रीने पाच नवरे केलेले होते, हे सारे ठाऊक असूनही तो तिला झिडकारत नाही. पाण्याला शिवाशिवीचे कडक नियम असलेल्या समाजातून आलेल्या रमाबाईंना या प्रसंगाचे मोल वेगळे सांगावे लागले नसणार. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तरीही क्षमेचा पूर्ण अर्थ आपल्याला पुढे १८९१ च्या सुमारास उमगला, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात नोंदवले आहे. ख्रिस्ती मताप्रमाणे पश्चात्ताप म्हणजे पापाकडे पाठ फिरवून ईश्वराकडे वळणे, आणि कृपा म्हणजे पात्रता नसताना मिळणारे त्याचे दान. प्रायश्चित्ताने पापाची भरपाई होते ही धारणा येथे मागे पडते, कारण ती भरपाई ख्रिस्ताने क्रूसावर केली असे मानले जाते. धर्म आपल्याला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हा रमाबाईंचा निष्कर्ष या फरकातूनच आला.

१८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांची सोय केडगावच्या शेतजमिनीवर करावी लागली. १८९८ मध्ये मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली आणि लगेचच, वाममार्गाला लागलेल्या किंवा लावल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमचा आश्रम येथे भीमेच्या खोऱ्यात आला, असे म्हणता येईल. या वसाहतीत विणकाम, शेती, तेलघाणी आणि छापखाना चालत असे. ज्या हातांना घरोघर दार बंद होते, तेच हात खिळे जुळवून बायबलची पाने छापू लागले. या कामाकडे पापाची शिक्षा म्हणून पाहणे चूक ठरेल; क्षमा आधी आणि काम नंतर, हा तेथील क्रम होता, आणि संस्थेचे खरे वेगळेपण त्यातच आहे.

जून १९०५ मध्ये मुक्तीत जे धर्मजागरण झाले, त्यात मुली मोठ्याने रडत आपली पापे कबूल करू लागल्या. दयेची गरज केवळ कृपासदनातील स्त्रियांना नव्हती, निष्कलंक मानल्या गेलेल्या विद्यार्थिनींनाही होती, हे त्या दिवसांत उघड झाले.

पतितपावन विठ्ठलाला आळवणाऱ्या वारकरी परंपरेत शरणागताला आश्रय आहेच, आणि रमाबाईंनी धर्मशास्त्राकडे जितके पाहिले तितके या संतपरंपरेकडे पाहिले नाही, हे मान्य करावे लागेल. कवी ना. वा. टिळकांनी मात्र १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर हा भक्तीचा धागा आपल्या काव्यात जपला. पण पतितेला प्रत्यक्ष छप्पर, अन्न आणि कसब देण्याचे काम या भागात इतक्या मोठ्या प्रमाणावर रमाबाईंनीच केले, याबद्दल दुमत होऊ नये.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगावीच निधन झाले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेले बायबलचे संपूर्ण मराठी भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.