मोडी वाचणारे यंत्र

बोरूने आधी ओळभर शिरोरेषा ओढावी आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरे लिहीत जावे, ही मोडीची रीत. ती मुळात कचेरीची लिपी; म्हणजे आपल्या या पत्राचे बहुतेक वाचक ज्या पेशात आहेत, त्या पेशाची. पोथीला बाळबोध आणि दप्तराला मोडी, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालली.

ती मोडली छापखान्याने. नवल असे की, या कथेचा आरंभ महाराष्ट्रात नव्हे, बंगालमध्ये झाला. कलकत्त्याजवळील श्रीरामपूरच्या विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले ते देवनागरीत. त्याचा १८१० चा कोश मात्र मोडीत छापला गेला. तेव्हा मोडीचे खिळे पाडता येत नव्हते असे नाही. परंतु जलद लिहिता येणे हेच जिचे बळ, तिची अक्षरे सुटी करून खिळ्यांवर बसविली की ते बळ वाया जाते. १८३२ चे 'दर्पण' बाळबोधीतच निघाले. सरकारी निर्णय पुढे झाले. डोळ्यांना वळण त्याआधीच पडत गेले होते. आज पणजोबांच्या हातचे खत आपल्याला परक्या लिपीसारखे दिसते.

आता दुसरे यंत्र दारात उभे आहे. २०१४ साली मोडीला युनिकोडात स्थान मिळाले, आणि हस्तलिखित मोडी संगणकाकडून वाचून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. तंजावरच्या भोसल्यांची राजवट १८५५ साली संपली; तिचे मोडी कागद पुष्कळ, वाचणारे थोडे. ते यंत्राने वाचले तर आम्हांस आनंदच आहे. मात्र मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही आणि शब्दही सुटे लिहीत नाहीत. जाणकार संदर्भाने अर्थ लावतो, दुसरा जाणकार त्याच्याशी भांडतो. यंत्राचे उत्तर हाती आल्यावर त्या भांडणापुरती मोडी कोण शिकेल?

तरी आमची खरी चिंता लिपीची नाही. तंजावरच्या मराठी घरांतून मोडी केव्हाच गेली. बाहेरचा व्यवहार तमिळात चालला. पण घरात मराठी बोलणे टिकले, कारण आजीशी बोलायला दुसरा मार्ग नव्हता. २०२२ साली केंद्र सरकारने 'भाषिणी' हा भाषांतराचा उपक्रम सुरू केला. अशी यंत्रे सुधारत गेली, की बदलीच्या गावी वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना तो दुसरा मार्ग मिळेल. आजी मराठीत बोलेल, नातू हिंदीत ऐकेल, आणि दोघांनाही काही अडले असे वाटणार नाही.