रुपयाचा अभ्यास आणि हिशेबी कागद

जुन्या दप्तरांतील सनदा, महजर व पत्रें ज्या आस्थेनें जपलीं जातात, त्या आस्थेनें जमाखर्चाचे कागद जपले जात नाहींत, हें संग्राहकांस सांगावयास नको. या नीरस वाटणाऱ्या कागदांतून केवढा इतिहास उभा राहतो, याचें एक उदाहरण येथें देतों. तें म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा वित्तशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास होय.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. १९१५ सालीं एम्. ए. करितां त्यांनीं ईस्ट इंडिया कंपनीच्या १७९२ ते १८५८ पर्यंतच्या वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. पुढील प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा. तो १९२५ सालीं छापून निघाला व १९२७ सालीं त्यावर पीएच्. डी. मिळाली. १८३३ च्या कायद्यानें एकवटलेला खजिना प्रांतांकडे कसा उतरला, याचे तीन टप्पे त्यांनीं दाखविले : १८७१ पासून ठराविक रकमेची नेमणूक, १८७७ पासून कांहीं उत्पन्नाच्या बाबी तोडून देणें, व १८८२ पासून उत्पन्नाची वांटणी. सालवार अंदाजपत्रकें पुढें ठेविल्यावांचून हें वर्गीकरण होणें नव्हतें.

१९१६ सालीं ते लंडनच्या अर्थशास्त्र-विद्यालयांत गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानें १९१७ सालीं परतावें लागलें. निराळ्या जहाजानें धाडलेले त्यांचे ग्रंथ त्या महायुद्धांत जहाजासह बुडाले. मुंबईस सिडनहॅम कॉलेजांत अध्यापन करून, द्रव्य सांठवून, ते १९२० सालीं पुनः लंडनास गेले. १९२१ सालीं एम्. एस्सी. व १९२३ सालीं डी. एस्सी. या पदव्या त्यांनीं मिळविल्या.

डी. एस्सी.चा विषय रुपयाचा प्रश्न. १८३५ च्या कायद्यानें १८० ग्रेनचा चांदीचा रुपया ठरला. १८९३ सालीं लोकांनीं चांदी देऊन रुपये पाडून घेण्याची टांकसाळींतील मोकळीक बंद झाली. तेव्हांपासून किती रुपये पाडावे हें सरकारच्या मर्जीवर राहिलें. केन्स यांस ही पद्धति मान्य होती. आंबेडकरांच्या मतें रुपयाच्या संख्येस कायद्याची मर्यादा नसणें हाच तिचा दोष होता. प्रो. कॅनन यांनीं प्रस्तावना लिहितांना मतभेद नोंदवूनही ग्रंथाचा गौरव केला.

याच ग्रंथाची दुसरी आवृत्ति १९४७ सालीं चलन व बँकिंगचा इतिहास या नांवानें, पहिला खंड म्हणून निघाली. संकल्पित दुसरा खंड प्रसिद्ध झाला नाहीं. संग्राहकांनीं तो शोधण्यांत श्रम घालवूं नयेत.

१८३५ पूर्वींच्या रुपयाची कथा मात्र आपल्याच दप्तरांत आहे. चांदवडी, अंकुशी इत्यादि रुपये व त्यांवरील बट्टा यांच्या नोंदी सावकारी कीर्दींत, खतावण्यांत व हुंड्यांत आढळतात. सरकारी कागद सरकार राखतें. सावकाराची वही मात्र वाणसामानाच्या पुड्यांस जाते. सनद हातीं येतांच तिच्याखालची वही टाकूं नये, एवढीच आमची विनंति.