‘फ्राम’चे अस्तर

१/ ध्रुवीय मोहिमांतील जहाजांना बाहेरून बर्फ चिरडत असे. आतल्या माणसांना मात्र स्वतःचा श्वासच छळत असे. श्वासातील बाष्प गार भिंतींवर गोठे आणि अंथरुणे भिजत.

२/ नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन यांनी यावर उपाय योजला. कॉलिन आर्चर यांनी बांधलेले ‘फ्राम’ १८९२ मध्ये पाण्यात उतरले. त्याच्या भिंतींना आतून डांबरी नमदा, बूच, फळ्या, पुन्हा जाड नमदा, हवाबंद लिनोलियम आणि शेवटी फळ्या असे अस्तर होते. छतात रेनडिअरचे केस भरले होते.

३/ १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ बर्फात गोठून प्रवाहाबरोबर सरकत राहिले. मोहिमेतील सर्व १३ जण जिवंत परतले.

४/ १९१३ मध्ये तेच जहाज पनामा कालवा खुला होण्याची वाट पाहत कोलोन बंदरात थांबले. उष्ण, दमट हवेने त्याच्या लाकडाला कुजवले. शीतप्रदेशासाठी बेतलेल्या जहाजाला उष्ण कटिबंध सोसला नाही.

५/ जुन्या नौकेचे अस्तर बदलताना हाच धडा उपयोगी पडतो. बंद फळ्यांमागे ओल साचते आणि कूज दिसत नाही. म्हणून आधी अस्तर पूर्ण उतरवावे, लाकूड तपासावे, वाळू द्यावे. मगच नवे थर चढवावेत.

६/ दुरुस्त झालेले ‘फ्राम’ १९३६ पासून ऑस्लोच्या संग्रहालयात, छताखाली कोरडे उभे आहे.