४८ तासांचा व्हिसा

३१ जानेवारी १९९४ रोजी बेलफास्टचा एक राजकीय नेता न्यू यॉर्कच्या विमानतळावर उतरला. त्याला मिळालेल्या व्हिसाची मुदत होती अवघी ४८ तास, आणि निधी गोळा करण्यास सक्त मनाई होती. त्याच सुमारास ब्रिटिश सरकारने त्याला लंडनमध्ये पाऊल ठेवण्यास बंदी केली होती. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर त्याचा चेहरा दिसे, पण आवाज एखाद्या नटाचा असे. १९८८ पासून तसा नियमच होता.

हा नेता म्हणजे शिन फेन पक्षाचे अध्यक्ष जेरी अ‍ॅडम्स. शिन फेन ही आयरिश रिपब्लिकन आर्मीची, म्हणजे आयआरएची, राजकीय शाखा मानली जाई. आपण आयआरएचे सदस्य कधीच नव्हतो, असे अ‍ॅडम्स आजवर सांगत आले आहेत. त्यावर विश्वास ठेवणारे फारसे नाहीत. उत्तर आयर्लंडमधील संघर्षात तोवर ३,००० हून अधिक माणसे मारली गेली होती.

दहशतवादाशी संबंध असलेल्या परकीयाला अमेरिकेचा कायदा प्रवेश नाकारतो. मात्र सरकारला अपवाद करता येतो. अ‍ॅडम्स यांना अनेकदा नकार मिळाला होता. १९९२ च्या निवडणूक प्रचारात बिल क्लिंटन यांनी व्हिसाचे आश्वासन दिले, आणि १९९३ मध्ये अध्यक्ष म्हणून त्यांनीही तो नाकारला. उमेदवाराची जीभ आणि अध्यक्षाची लेखणी यांत एवढे अंतर असतेच.

मग बदलले काय? १५ डिसेंबर १९९३ रोजी ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या पंतप्रधानांनी संयुक्त जाहीरनामा काढला: हिंसा कायमची सोडणाऱ्या पक्षांना वाटाघाटींत स्थान मिळेल. शिन फेनने होकारही दिला नाही आणि नकारही, खुलासे मागितले. त्याच वेळी अमेरिकेतील एका परराष्ट्र धोरणविषयक समितीने उत्तर आयर्लंडच्या पक्षनेत्यांना न्यू यॉर्कच्या परिषदेचे निमंत्रण दिले.

परराष्ट्र खाते, न्याय खाते, एफबीआय, सीआयए, लंडनमधील राजदूत रेमंड साइट्झ हे सारे व्हिसाच्या विरोधात होते. बाजूने होत्या डब्लिनमधील राजदूत जीन केनेडी स्मिथ आणि त्यांचे बंधू सिनेटर एडवर्ड केनेडी. पण सर्वाधिक वजन पडले ते जॉन ह्यूम यांच्या शब्दाला. ह्यूम आयुष्यभर हिंसेचे विरोधक, निवडणुकीत शिन फेनचे थेट प्रतिस्पर्धी. अ‍ॅडम्स यांना मान मिळाला तर पहिला तोटा त्यांच्याच पक्षाचा. तेच व्हिसा द्या म्हणत होते. अध्यक्षांच्या सल्लागारांचा हिशेब सरळ होता: अ‍ॅडम्स शस्त्रसंधी घडवू शकले तर उत्तमच, न घडवल्यास जगासमोर उघडे पडतील.

ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर संतापले, आणि त्यांचा संताप निराधार नव्हता. मार्चमध्ये आयआरएने लंडनच्या हीथ्रो विमानतळावर तीनदा उखळी तोफांचा मारा केला. गोळे फुटले नाहीत एवढेच. व्हिसाचे टीकाकार त्या महिन्यात बरोबर ठरल्यासारखे दिसत होते.

इतिहासात गाजला तो अ‍ॅडम्स यांचा व्हिसा. निर्णायक मात्र दुसराच म्हणावा लागेल, आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही. ऑगस्टच्या अखेरीस आयर्लंडचे पंतप्रधान अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी सुट्टीवर असलेल्या क्लिंटन यांच्याकडे जो काहिल या ७४ वर्षांच्या वृद्धासाठी शब्द टाकला. काहिल यांना १९४२ मध्ये एका पोलिसाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. ती ऐनवेळी माफ झाली, सहकारी टॉम विल्यम्स मात्र फासावर गेला. १९७३ मध्ये लिबियाहून शस्त्रे आणणाऱ्या जहाजावर ते पकडले गेले. कागदावर यापेक्षा वाईट अर्ज सापडणे कठीण.

तरीही तेच का? आयरिश प्रजासत्ताकवाद्यांना शत्रूइतकीच फुटीची धास्ती होती. १९२१ च्या तहानंतर कालचे सहकारी एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. १९६९ मध्ये चळवळ पुन्हा दुभंगली. अमेरिकेतील जुने, कडवे समर्थक शस्त्रसंधीला फितुरी म्हणाले असते, तर पैसा आणि शस्त्रे फुटीर गटाकडे वळली असती. त्यांची समजूत घालायला फाशीच्या कोठडीतून परतलेला माणूसच हवा होता. क्लिंटन यांनी व्हिसा दिला. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली तेव्हा काहिल अमेरिकेत होते. सप्टेंबरमध्ये ब्रिटनने आवाजावरील बंदी उठवली.

ही शस्त्रसंधी अखंड राहिली नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या डॉकलंड्समधील स्फोटात दोघे ठार झाले. जुलै १९९७ मध्ये ती पुन्हा लागू झाली आणि सप्टेंबरात शिन फेन चर्चेला बसला. अध्यक्षस्थानी होते अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल. १० एप्रिल १९९८ रोजी करार झाला. त्या संपूर्ण काळात युनियनिस्ट नेते डेव्हिड ट्रिंबल एकाच इमारतीत असूनही अ‍ॅडम्स यांच्याशी समोरासमोर बोलले नाहीत. त्यांची पहिली भेट झाली सप्टेंबर १९९८ मध्ये, करारानंतर पाच महिन्यांनी.