साठ पानांची कुळकथा

स्पर्धेला जाताना आपला डेक आपणच बांधून न्यायचा, हा पत्त्यांच्या जगात फार अलीकडचा प्रकार आहे. रमी असो, ब्रिज असो वा सावंतवाडीच्या गंजिफांचा 120 पानांचा दशावतारी संच असो, पाने सगळ्यांना एकाच कॅटमधून मिळतात. पिसून वाटल्यावर हातात काय येते तो नशिबाचा भाग आणि त्यातून काय साधता येते ते कौशल्य. 1993 साली अमेरिकेत आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाने ही व्यवस्था मोडली. दोघे खेळाडू दोन वेगळे डेक घेऊन समोरासमोर बसू लागले आणि डावाचा बराचसा निकाल पहिले पान उचलण्याआधीच, घरच्या टेबलावर ठरू लागला. डेक बांधणे आणि तो घासूनपुसून नेमका करणे याची आज एक पक्की विद्या झाली आहे. ती खेळाच्या निर्मात्याने आखून दिलेली नव्हती. त्याचा एक अंदाज चुकला आणि ती चूक निस्तरताना खेळाडूंनी ही विद्या घडवली.

निर्माते रिचर्ड गारफिल्ड हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणिताच्या चयनशास्त्र या शाखेत पीएच.डी. करत होते. 1991 मध्ये ते ‘रोबोरॅली’ हा पटावरचा खेळ घेऊन सिएटलजवळच्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या छोट्या कंपनीच्या पीटर अ‍ॅडकिसन यांच्याकडे गेले. तो खेळ छापायला महाग होता. खेळांच्या मोठ्या संमेलनांत दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात उरकता येईल, खिशात मावेल आणि स्वस्तात छापता येईल असे काही आहे का, असे अ‍ॅडकिसन यांनी विचारले. गारफिल्ड यांनी विद्यापीठातल्या मित्रांना हाताशी धरून त्याचे उत्तर तयार केले. प्रत्येकाकडे वेगळी पाने, ती विकत घ्यायची, एकमेकांत बदलायची आणि त्यातून आपला कॅट लावायचा. ऑगस्ट 1993 मध्ये 295 पानांची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात सुमारे 26 लाख पाने छापली होती आणि ती पाहता पाहता संपली.

खेळाची यंत्रणा समजल्याशिवाय बांधणीतली अडचण कळत नाही. प्रत्येकाला 20 प्राण असतात आणि ते शून्यावर आले की डाव हरला. सुरुवातीला हातात सात पाने येतात, पुढे दर खेपेला एक उचलायचे. पाने मुख्यतः दोन जातींची. एक जात ‘लँड’ची. एका खेपेत एकच लँड मांडता येते आणि ती मॅना नावाची शक्ती पुरवते. दुसरी जात मंत्रांची आणि प्राण्यांची. ती वापरायला पाच रंगांपैकी ठरावीक रंगाचा, ठरावीक मॅना लागतो. नुसती लँड आली तर करायला काही नाही. नुसते मंत्र आले तर ते हातात कुजतात. दोन्ही जाती एकाच ढिगात पिसलेल्या असल्याने कोणती किती घालायची, हा बांधणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न, आणि तीस वर्षांनंतरही तो पहिलाच राहिला आहे.

मूळ नियमपुस्तिकेत डेकला किमान 40 पाने हवीत एवढीच अट होती. एकच पान किती वेळा घालावे यावर बंधन नव्हते. गारफिल्ड यांचा हिशेब असा होता की माणूस एखादा डेक आणि वर काही पाकिटे घेईल. अतिशय प्रबळ पाने दुर्मिळ ठेवली, तर एका मित्रमंडळात ती एकदोनच असतील आणि हातोहात फिरत राहतील. टंचाईच खेळ समतोल ठेवील, ही त्यामागची धारणा. प्रत्यक्षात लोकांनी पेट्यांच्या पेट्या उचलल्या. ‘लायटनिंग बोल्ट’ हे अगदी साधे, सर्वत्र मिळणारे पान एका मॅनात तीन प्राण घेते. अशी सात पाने लागली की 21 प्राण गेले. म्हणजे डेकमध्ये डोंगर, म्हणजे लाल मॅना देणारी साधी लँड, आणि बोल्ट यांशिवाय काही नसले तरी चालत होते. त्याहून भयंकर जोडणी चार पानांची होती. ‘ब्लॅक लोटस’ फुकटात तीन हिरवा मॅना देई. त्यातल्या दोनांत ‘चॅनल’ खेळायचे. ते स्वतःचा एक प्राण देऊन एक मॅना मिळवू देई. 19 प्राण असे मोडायचे, लोटसचा उरलेला एक मॅना त्यात मिळवायचा आणि एका डोंगराच्या लाल मॅनावर 20 घावांचा ‘फायरबॉल’ फेकायचा. पहिल्याच खेपेत खेळ खलास, समोरच्याने एकही पान टाकलेले नसताना.

1994 च्या सुरुवातीला कंपनीच्या स्पर्धा-संघटनेने नियम घालून दिले: डेक किमान 60 पानांचा, कोणतेही पान जास्तीत जास्त चार, साध्या लँडवर मर्यादा नाही आणि ब्लॅक लोटससारखी मोजकी पाने डेकमध्ये एकेकच. बांधणीच्या कलेचा खरा जन्म या नियमात आहे. बंधन नव्हते तेव्हा उत्तम पान शोधून ते भरत राहणे एवढेच काम होते. चारची सीमा आल्यावर पाचवे, सहावे, दहावे पान कोणते, ही पाने एकमेकांना कशी पूरक पडतील, आणि हवे ते हाती आले नाही तर काय, असे प्रश्न उभे राहिले. साठांत चार प्रती असलेले पान पहिल्या सात पानांत येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के असते. तीन प्रती असतील तर साडेएकतीस, दोन असतील तर बावीस, एकच असेल तर जेमतेम बारा टक्के. डेक 64 पानांचा केला तर चार प्रतींची शक्यताही 38 टक्क्यांच्या खाली येते. ‘किमान 60’ अशी मुभा असताना अनुभवी खेळाडू 61वे पानही सहसा घालत नाहीत, ते या आकड्यांमुळे.

ऑगस्ट 1994 मध्ये मिलवॉकीच्या ‘जेन कॉन’ संमेलनात पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. अमेरिकेच्या झॅक डोलन यांनी अंतिम सामन्यात फ्रान्सच्या बर्ट्रांड लेस्त्रे यांना हरवले. डोलन यांच्या डेकमध्ये ‘स्टेसिस’ आणि ‘सेरा एंजल’ ही जोडी होती. वापरलेली पाने आडवी होतात आणि पुढच्या खेपेला सरळ केली जातात. स्टेसिस हे सरळ करणेच थांबवते, म्हणजे हळूहळू दोन्ही बाजू गोठतात. सेरा एंजल मात्र हल्ला करताना आडवी होतच नाही. सगळे पट थिजलेले असताना तिचे चार-चार घाव चालू राहतात. एका पानाची अडचण दुसऱ्या पानाला शिवत नाही, हे हेरून जोड्या लावणे ही बांधणीची पहिली पायरी होती.

दुसरी पायरी कॅलिफोर्नियाच्या ब्रायन वाइसमन यांनी गाठली. त्यांच्या डेकला लोक नुसते ‘द डेक’ म्हणू लागले. त्यात डाव जिंकून देणारी पाने नावापुरती, म्हणजे दोन सेरा एंजल. बाकी सारी पाने समोरच्याची चाल निष्फळ करण्यासाठी आणि स्वतःच्या हातात पाने वाढवण्यासाठी. ‘मोट’ हे एक पान मांडले की न उडणारे सगळे प्राणी हल्ला करू शकत नाहीत. समोरच्याने दहा प्राणी भरले असतील तर ती दहा पाने एका पानाने मेली. ‘जेयमडे टोम’ दर खेपेला जादा पान देई, ‘डिसरप्टिंग सेप्टर’ समोरच्याच्या हातातले पान काढून घेई. वाइसमन यांचे म्हणणे सरळ होते: आपले एक पान त्याच्या दोन पानांना भारी पडत राहिले, तर कधीतरी त्याच्याकडे काहीच उरणार नाही, आणि मग जिंकण्याची घाई करायचे कारण नाही. त्यापूर्वी लोक पानांची ताकद मोजत. वाइसमन यांनी पानांची संख्या मोजायला शिकवले.

या विचाराला तडा दिला तो 1996 मधल्या एका लाल डेकने. अटलांटाच्या पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय यांनी तो खेळला आणि त्यांचेच आडनाव त्या जातीला चिकटले; बांधणी मात्र जे श्नायडर यांची होती. पानांची यादी पाहून कोणालाही वाटावे की घरात उरलेली रद्दी भरली आहे. ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’, ‘ब्रास मॅन’ असली, कोणी अदलाबदलीतही न घेणारी पाने. पण श्नायडर यांनी पानाची ताकद पाहिलीच नव्हती, त्याची किंमत पाहिली होती. पहिल्या खेपेला एक मॅना असतो, तेव्हा एका मॅनाचे पान हाती हवे. दुसऱ्या खेपेला दोनाचे, तिसऱ्याला तीनाचे. असे झाले तर चौथ्या खेपेअखेर एक, दोन, तीन आणि चार मिळून दहा मॅना कामी लागतो. चार मॅनाच्या दणकट प्राण्याची वाट पाहत बसलेल्याने तोवर फक्त चार वापरलेला असतो, सहा वाया गेलेला. म्हणून स्वस्त पाने जास्त आणि महाग होत जातील तशी कमी, अशी उतरती रचना. तिलाच खेळाडू ‘मॅना कर्व्ह’ म्हणतात. या खेळाच्या इतिहासातला हा एक मूलगामी शोध. वाइसमन यांच्या डेकला महागडी, दुर्मिळ पाने लागत. श्नायडर यांनी दाखवून दिले की सामान्य पानेही योग्य क्रमाने आली तर उत्तम पानांना हरवतात.

कर्व्ह ठरला की लँडचा आकडा त्यातूनच निघतो. साठांत 24 लँड असतील तर पहिल्या सातांत दोन ते चार लँड येण्याची शक्यता सुमारे 77 टक्के आणि एक किंवा शून्य येण्याची 14 टक्के. स्वस्त पानांचा डेक 20 लँडवर चालतो, महाग पानांच्या डेकला 26 लागतात. रंगांचा हिशेब याहून कडक असतो. पहिल्याच खेपेला लाल मॅना हवा आणि तो देणाऱ्या लँड 14 असतील, तर पहिल्या सातांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता 86 टक्के असते. आठच असतील तर 65 टक्के. नेदरलँड्सचे खेळाडू आणि गणितज्ञ फ्रँक कार्स्टन यांनी पुढे असे तक्ते संगणकावर लाखो डाव फिरवून काढले. त्याआधीच्या पिढीने हेच आकडे शेकडो हात पिसून, वाटून, पुन्हा पिसून अदमासाने मिळवले होते. ते अदमास फारसे चुकीचे नव्हते.

दरम्यान, 1995 च्या जानेवारीत स्पर्धांच्या नियमांत आणखी एक बदल झाला होता. वेळोवेळी निघणाऱ्या पानांच्या संचांपैकी ठरावीक अलीकडचेच चालतील असा स्पर्धाप्रकार सुरू झाला, ज्याला पुढे ‘स्टँडर्ड’ नाव पडले. जुने संच बाद होत गेल्यामुळे कोणताही डेक कायमचा उत्तम राहीना. फेब्रुवारी 1996 मध्ये न्यूयॉर्कला पहिली ‘प्रो टूर’ झाली, मोठ्या रकमेची बक्षिसे आली आणि बांधणी हा एकट्याचा छंद न राहता संघांचे काम बनले. त्याच वर्षी ‘नेक्रोपोटेन्स’ने सगळ्यांची झोप उडवली. जून 1995 च्या ‘आइस एज’ संचातले हे पान आधी अनेकांनी टाकाऊ ठरवले होते, कारण ते नेहमीचे पान उचलणे बंद करते आणि जादा प्रत्येक पानामागे एक प्राण मागते. प्राण हेही खर्चायचे चलनच आहे आणि शेवटचा एक सोडून बाकी खर्चायला हरकत नाही, हे उमगल्यावर 1996 चा उन्हाळा काळ्या डेकनी व्यापला.

आता प्रश्न बदलला. चांगला डेक कोणता, यापेक्षा या शनिवारी समोर कोणते डेक येतील, हे महत्त्वाचे ठरले. काळे डेक फार झाले की काळ्या मंत्रांची बाधा न होणारे ‘व्हाइट नाइट’ सारखे शिलेदार पांढऱ्या डेकमध्ये दिसू लागत; पांढरे वाढले की त्यांच्यावरचा उतारा मुख्य डेकमध्ये शिरे. हा उतारा ठेवायची खरी जागा म्हणजे 15 पानांचा साइडबोर्ड. सामना तीन डावांचा, पहिल्या डावानंतर त्यातली पाने आत घेता येतात. साइडबोर्ड नीट बांधणे मुख्य डेकपेक्षा अवघड असते. काय आत घ्यायचे हे सहज सुचते. त्याच्या बदल्यात कोणती पाने बाहेर काढायची, हे प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासाठी आधी ठरवून ठेवावे लागते. नाहीतर डेकचा कर्व्ह आणि जोड्या दोन्ही विस्कटतात.

नेमकेपणा आणायची रीत याच काळात ठरली. प्रचलित डेकच्या नकला करायच्या आणि आपला डेक प्रत्येकाशी लागोपाठ खेळवायचा, साइडबोर्डशिवाय आणि साइडबोर्डसह. एका वेळी एकदोन पानेच बदलायची, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते. हरलेल्या डावात हाताशी पडून राहिलेली पाने लक्षात ठेवायची. 1997 च्या पॅरिस प्रो टूरमध्ये माइक लाँग यांना जिंकून देणारा ‘प्रॉस्ब्लूम’ हा डेक अशा घासणीचा नमुना होता. एका साखळीत मॅना आणि पाने वाढवत नेऊन एकाच खेपेत समोरच्याला संपवणारा तो डेक. त्यात एखादी लँड कमी पडली तरी साखळी तुटे.

1999 मध्ये माइक फ्लोरेस यांनी एका लेखात या विद्येची राहिलेली बाजू मांडली. दोन डेक समोरासमोर आले की एक हल्लेखोर असतो आणि दुसरा बचाव करणारा, आणि ही भूमिका डेकच्या स्वभावापेक्षा समोर कोण आहे त्यावर ठरते. दोन लाल डेक भिडले तर ज्याची पाने थोडी महाग, त्याने थांबून खेळायचे. भूमिका चुकली की उत्तम डेकही हरतो. त्यामुळे बांधतानाच डेकला दोन्ही भूमिका पेलतील अशी थोडी लवचिक पाने ठेवण्याची पद्धत पडली.

हे नियम आणि हिशेब पुढच्या खेळांनी जसेच्या तसे किंवा बदलून घेतले. जपानमध्ये 1996 साली आलेल्या पोकेमॉनच्या पत्त्यांनी साठ पाने आणि चार प्रती हीच चौकट ठेवली. 1999 च्या यु-गी-ओने ती किमान 40 पाने आणि तीन प्रती अशी केली आणि मॅनाच काढून टाकला. 2014 मध्ये संगणकावर आलेल्या ‘हार्थस्टोन’मध्ये 30 पाने आणि बहुतेक पानांच्या दोन प्रती, आणि लँडऐवजी दर खेपेला आपोआप वाढणारा मॅना. लँड न येण्याचे दुर्दैव त्यात राहिले नाही, पण कर्व्हचा प्रश्न अधिकच उघडा झाला, कारण मॅना वाया गेला तर दोष द्यायला नशीब नाही. या खेळात डेक बांधताना किती मॅनाची किती पाने घातली, याचे खांब पडद्यावरच दिसतात. श्नायडर यांच्या लाल डेकमागचा हिशेब आता नवख्या खेळाडूलाही पहिल्या दिवसापासून आयता मिळतो.